कॅमेऱ्यामागचा डबा



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून उन्हाळ्याच्या संध्याकाळी विद्वानांनी इतिहास नाहीतर अर्थशास्त्र सांगायचं आणि आपण ऐकायचं, असा आपल्याकडचा रिवाज आहे. यंदा आपल्या व्याख्यानमालेत तुम्ही कॅमेरे बसवणाऱ्या माणसाला उभं केलंत. विद्वत्तेची अपेक्षा तुम्ही ठेवली नसणारच. तेव्हा शिडीवर चढून जे दिसतं, तेवढंच सांगतो.

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत आज कॅमेरा नाही असं ठिकाण शोधावं लागतं. रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसीत तो आहे, हे समजण्यासारखं आहे. पण गुऱ्हाळावर आहे, पोल्ट्रीवर आहे, कांद्याच्या चाळीवर आहे, मंदिराच्या दानपेटीवर आहे आणि घोड-भीमेच्या काठी मोटारींच्या शेडवरही आहे. लोक मला म्हणतात, "राखणीला चार कॅमेरे टाकून द्या." मी टाकून देतो. पण आज स्पष्टच सांगतो, कॅमेरा राखण करत नाही. कुंपणावरून आलेल्या माणसाच्या अंगावर तो धावून जात नाही. झालेल्या गोष्टीची तो साक्ष देतो. आणि ती साक्षही खरं तर कॅमेरा देत नाही. टीव्हीखालच्या फळीवर धूळ खात पडलेला डबा देतो. आपण पैसे खर्च करतो डोळ्यांवर, आणि हेळसांड करतो आठवणीची. माझं आजचं सगळं बोलणं या डब्याविषयी आहे.

ऑक्टोबर २०२१ मध्ये आपल्याच शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला बँकेच्या शाखेवर भरदिवसा दरोडा पडला. शाखेत कॅमेरे होते. त्यांनी दरोडा थांबवला नाही, थांबवणारही नव्हते. पण आत काय घडलं ते नोंदलं गेलं, वाहिन्यांवर साऱ्या महाराष्ट्रानं पाहिलं आणि काही दिवसांत आरोपी पकडले गेले. साक्षीदार जिवंत राहिला, म्हणून त्याचा उपयोग झाला. सराईत चोरांना हे आपल्यापेक्षा चांगलं कळतं. दुकान फोडल्यावर गल्ल्याबरोबर डीव्हीआरही, म्हणजे हा डबाही, उचलून नेल्याच्या बातम्या आपण सारखे वाचतो. गल्ल्याशेजारी, टीव्हीखाली, सगळ्यांना दिसेल असा डबा ठेवायचा म्हणजे साक्षीदाराला चोराच्या हाती देण्यासारखं आहे. तो वेगळ्या खोलीत, कुलपात, हवा खेळेल अशा लोखंडी पेटीत ठेवा. एवढा एक बदल केलात तरी आजची संध्याकाळ वाया गेली नाही असं मी समजेन.

आता डब्याच्या आत काय चालतं ते थोडक्यात. आपल्याकडे सगळ्यालाच डीव्हीआर म्हणतात, पण प्रकार दोन आहेत. डीव्हीआरला जोडलेला कॅमेरा कच्चं चित्र गोल वायरीतून पाठवतो आणि ते आकड्यांत बदलून दाबून लहान करण्याचं काम डबा करतो. एनव्हीआरच्या पद्धतीत हे काम कॅमेरा स्वतःच करतो. नेटवर्कच्या वायरीतून तयार माल येतो, डबा तो साठवतो आणि मागितला की दाखवतो. त्याच वायरीतून कॅमेऱ्याला वीजही देता येते. दुकानाला, घराला पहिला प्रकार पुरतो. कारखान्याच्या किंवा शाळेच्या मोठ्या आवारात दुसरा सोयीचा पडतो. दोन्हींचं पोट एकच: हार्ड डिस्क. आणि ते पोट भरलं की सर्वांत जुनं चित्रण पुसून त्यावर नवं लिहायचं, हा दोघांचाही नियम.

इथं थोडं गणित करू. चित्राचा प्रवाह सेकंदाला एक मेगाबिट असेल, तर एका दिवसाचं चित्रण १०.८ जीबी होतं. साधारण स्वच्छ चित्र हवं म्हणून आपण दर कॅमेऱ्याला २ मेगाबिट धरले आणि कॅमेरे आठ लावले, तर रोजचे झाले जवळजवळ १७३ जीबी. १ टीबीची डिस्क सहा दिवसही पुरत नाही. २ टीबीची साडेअकरा दिवस. आता पुण्यात राहणारा आणि महिन्यातून एकदा शेतघरावर येणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. चोरी झाली पहिल्या आठवड्यात, कळली चौथ्या आठवड्यात. कॅमेरे चालू होते, डबा चालू होता, चित्रणही झालं होतं, आणि ते रीतसर पुसलंही गेलं होतं! यात कुणाचीही लबाडी नाही. हिशेब आधी झाला नव्हता, एवढंच. चित्र दाबण्याची एच.२६४ ऐवजी एच.२६५ पद्धत निवडली तर तेवढ्याच चित्राला साधारण निम्मी जागा लागते. हालचाल झाली तरच नोंद करायची, अशी सोय ठेवली तर आणखी वाचते. कॅमेरे किती लावू, असं लोक विचारतात. मागचं किती दिवसांचं दिसलं पाहिजे, हे आधी विचारा. डिस्क त्यावरून ठरते, आणि ती चोवीस तास लिहिण्यासाठी बनवलेली असावी. जुन्या कॉम्प्युटरची काढून घालू नका.

डब्याचा दुसरा वैरी वीज. ती जाते, कमी-जास्त होते आणि वळवाच्या दिवसांत आभाळातून येते. वैशाखात दुपारी ढग गडगडले की दुसऱ्या दिवशी माझा फोन थांबत नाही. शेतात उंच खांबावरचा कॅमेरा, तिथून घरापर्यंत शंभर मीटर तांब्याची वायर. वीज जवळपास पडली तरी वायरीतून झटका येतो आणि कॅमेरा, एसएमपीएस, डब्याचं एखादं चॅनल एकदम जातं. चांगलं अर्थिंग, सर्ज अरेस्टर आणि लहानसा यूपीएस, हा खर्च कोटेशनमधून गिऱ्हाईक सर्वांत आधी कापतं. आणि डीपी जळाली, वस्तीवर रात्रभर अंधार झाला, की नेमकी त्याच रात्री मोटार जाते. चोर अंधाराचीच वाट बघतो, हे सांगायला माझी गरज नाही.

तिसरी गोष्ट घड्याळ. डब्यात नाण्याएवढा एक सेल असतो. तो संपला की वीज जाऊन आल्यावर डब्याची तारीख कित्येक वर्षं मागे जाते आणि मालकाला पत्ता नसतो. पुणे-नगर रस्त्यावर एखादी गाडी शोधायची असेल तर पोलिस कोरेगाव भीमापासून शिक्रापूर, रांजणगाव, शिरूर असे हॉटेलं आणि पेट्रोल पंपांचे कॅमेरे ओळीनं तपासतात. एका डब्याचं घड्याळ सात मिनिटं पुढं, दुसऱ्याचं वीस मिनिटं मागं. मग गाडी शिक्रापूरच्या आधीच रांजणगावला पोचलेली दिसते. डबा इंटरनेटला जोडलेला असेल तर वेळ आपोआप जुळवण्याची सोय त्यात असते. ती चालू करा. नसेल तर महिन्यातून एकदा मोबाइलशी ताडून पाहा.

घड्याळाचं मोल किती, याचं उदाहरण जालन्याचं आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत तिथं अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले आणि कैलास गोरंट्याल हरले. गोरंट्यालांचा आक्षेप असा, की २७ सप्टेंबरला दुपारी तीनपर्यंत उमेदवारी अर्ज द्यायचा होता आणि खोतकरांचा अर्ज तीननंतर आला. पुरावा काय? निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं कॅमेऱ्याचं चित्रण. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं नोव्हेंबर २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली, सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली आणि १४ जुलै २०२० रोजी निकाल दिला. आमदारकीपेक्षा मोठा झाला तो त्यातला पुराव्याचा प्रश्न. चित्रणाची नक्कल कोर्टात आणायची, तर ती कुठल्या यंत्रातून, कशी काढली, यंत्र नीट चालत होतं का, याचं प्रमाणपत्र सोबत पाहिजे. मूळ यंत्रच कोर्टात आणून मालकानं साक्ष दिली तर वेगळं. आणि ज्याच्या ताब्यात यंत्र आहे तो प्रमाणपत्र देतच नसेल, तर कोर्टाकडे अर्ज करून ते मागवता येतं. जालन्यात अधिकाऱ्यांनी मागूनही प्रमाणपत्र दिलं नव्हतं. आपल्या मराठवाड्यातल्या एका निवडणुकीच्या भांडणातून साऱ्या देशाला लागू होणारा नियम पक्का झाला.

तो नियम तेव्हा पुरावा कायद्याच्या ६५-ब कलमात होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला आणि तो ६३ व्या कलमात गेला. या कायद्याला जोडलेल्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात यंत्राच्या प्रकारासाठी चौकोन दिले आहेत, त्यांत 'डीव्हीआर' हा चौकोन छापलेला आहे. म्हणजे आपल्या फळीवरच्या डब्याला संसदेनं नावानिशी ओळखलं आहे! प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत: एक यंत्र ताब्यात असलेल्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. आणि त्यात फाइलची 'हॅश' लिहायची असते. हॅश म्हणजे फाइलमधल्या सगळ्या आकड्यांवरून गणितानं काढलेली ओळख. एसएचए-२५६ पद्धतीनं ती ६४ अक्षरांची येते. फाइलमधला एक ठिपका जरी बदलला तरी सगळी ओळख बदलते. नक्कल मुळासारखीच आहे का, हे त्यावरून कळतं.

म्हणून एक विनंती. चोरी झाली की आपण काय करतो? टीव्हीवर फुटेज लावतो, समोर मोबाइल धरतो, त्याचा व्हिडिओ काढतो आणि गावच्या ग्रुपवर टाकतो. माणूस ओळखायला ते ठीक आहे, पुरावा म्हणून ते दुबळं आहे. पेन ड्राइव्ह लावून डब्यातून मूळ फाइल काढा. घटनेच्या आधीचा आणि नंतरचा अर्धा-अर्धा तासही घ्या. डब्याचं घड्याळ किती पुढं-मागं आहे ते त्याच वेळी लिहून ठेवा आणि पंचनाम्यात घ्यायला सांगा. मग नोंद थांबवून डिस्क जपा, म्हणजे मूळ पुसलं जाणार नाही. आणि चित्रण असून ते पुढं आणलं नाही, तर त्याचाही अर्थ कोर्ट लावतं. वाराणसीच्या एका हॉटेलातल्या मृत्यूच्या खटल्यात हॉटेलचं सीसीटीव्ही चित्रण सरकार पक्षानं सादरच केलं नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१५ मध्ये दोन्ही इटालियन आरोपींना सोडताना या गोष्टीवर बोट ठेवलं.

आता तुमचा आवडता प्रश्न: "मोबाइलवर दिसेल ना?" दिसेल. पण कसं दिसतं, ते समजून घ्या. पूर्वी आम्ही राउटरमध्ये दार उघडून ठेवायचो; बाहेरून कुणी त्या पत्त्यावर आलं की ते थेट डब्यापर्यंत पोचायचं. सिमकार्डच्या इंटरनेटवर हे जमत नाही, कारण तिथं एकच बाहेरचा पत्ता असंख्य ग्राहकांत वाटलेला असतो. म्हणून आता डबा स्वतःच कंपनीच्या सर्व्हरशी संपर्क ठेवून बसतो, तुमचा मोबाइलही तिथंच जातो आणि सर्व्हर दोघांची गाठ घालून देतो. स्टिकरवरचा क्यूआर कोड स्कॅन केला की काम झालं, ते याच्यामुळे. आणि मोबाइलवर चित्र पुसट दिसलं की लगेच "कॅमेरा हलका दिला" म्हणू नका. डबा दोन प्रवाह करतो: एक जाड, डिस्कवर लिहायला; एक बारीक, बाहेर पाठवायला. आठ कॅमेरे जाड प्रवाहात पाहायचे तर घरातून सेकंदाला १६ मेगाबिट वर चढले पाहिजेत. वस्तीवर तेवढी रेंज कुठली? पुसट दिसलं तरी डब्यात स्वच्छ असतं.

पण जे दार तुमच्यासाठी उघडतं, ते दुसऱ्यासाठीही उघडू शकतं. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या प्रोग्रॅमनं जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर शोधून काढले. युक्ती अगदी साधी होती: कारखान्यातून येणारी ठरावीक नावं आणि पासवर्ड एकामागून एक टाकून पाहायचे. ज्यांनी ते बदलले नव्हते, त्यांचे डबे त्याच्या ताब्यात गेले. २१ ऑक्टोबरला अशाच डब्यांच्या फौजेनं संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या, अमेरिकेतल्या डाइन कंपनीवर एकदम मारा केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा तासन्‌तास अडखळल्या. मालकांना काहीच कळलं नाही. त्यांच्या टीव्हीवर दुकान दिसतच होतं.

हे परदेशातलं वाटेल, तर जवळचं ऐका. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातलं, तपासणीला आलेल्या बायकांचं चित्रण इंटरनेटवर विकलं जात असल्याचं उघड झालं. पकडलेल्यांत लातूर आणि सांगली जिल्ह्यांतले तरुण होते. ज्या खोलीत कॅमेरा असायलाच नको होता तिथं तो होता, आणि डब्याला कुलूप असून नसल्यासारखं होतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-ई कलमाखाली अशा खासगी चित्रणाला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहेत. सरकारनंही ९ एप्रिल २०२५ पासून कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या ठरावीक चाचण्या सक्तीच्या केल्या आहेत. तेव्हा घेताना प्रमाणपत्र विचारा. पण पासवर्ड सरकार बदलून देणार नाही. तो तुम्ही बदला, आणि बसवणाऱ्याला, म्हणजे मलासुद्धा, सांगू नका. कामगार सोडून गेला की त्याच्या मोबाइलमधून तुमचा डबा काढून टाका.

इथं बसलेल्या निम्म्या लोकांनी कॅमेरे चोरासाठी लावलेले नाहीत, बिबट्यासाठी लावले आहेत, हे मला ठाऊक आहे. जुन्नर वनविभागात आपला तालुका येतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये पिंपरखेड-जांबुत भागात बिबट्याच्या हल्ल्यांत दोन लेकरं आणि एक म्हातारी गेली, लोक महामार्गावर उतरले. त्या दिवसांत मला आलेले फोन मी विसरणार नाही. म्हणून या बाबतीत खोटी आशा विकायची नाही, असं ठरवलं आहे. नव्या डब्यांत "माणूस आणि वाहन दिसलं तरच कळव" अशी सोय असते. किडे आणि कोळ्याची जाळी रात्रीच्या इन्फ्रारेड उजेडात चमकतात, मोबाइल रात्रभर वाजतो, म्हणून लोक ती सोय चालू करतात. मग बिबट्या अंगणातून आरामात चालत जातो आणि डबा गप्प बसतो, कारण तो माणूसही नाही आणि वाहनही नाही. उसाच्या कडेला राहणाऱ्यांनी ही चाळणी गोठ्याच्या कॅमेऱ्यावर बंद ठेवावी आणि लेन्ससमोरची जाळी फडक्यानं काढावी.

दुसरं, तीन घरांच्या कॅमेऱ्यांत बिबट्या दिसला म्हणजे तीन बिबटे, असं नसतं. शेजारच्या जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाटांवर कॅमेरे लावून अंगावरच्या ठिपक्यांवरून एकेक जनावर ओळखलं. शेतीनं भरलेल्या त्या खोऱ्यात १०० चौरस किलोमीटरला जवळजवळ पाच मोठे बिबटे निघाले. ते काम २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. भिंतीवर वरच्या बाजूला लावलेल्या आपल्या कॅमेऱ्यात ठिपके ओळखू येत नाहीत, आणि ग्रुपवर आलेली क्लिप कुठल्या गावची, कुठल्या सालची, तेही कळत नाही. तारीख-वेळ दिसत नसलेली क्लिप पुढं पाठवू नका. बिबट्या समोर असताना कामाला येते ती ग्राम सुरक्षा यंत्रणा: एका माणसाच्या फोनवरचा आवाज त्याच क्षणी साऱ्या गावाच्या फोनवर जातो. डबा रात्री काय झालं ते सकाळी सांगेल. रात्रीच ओरडायला माणूस लागतो.

माणूस कॅमेऱ्याच्या मागंही लागतो. बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचाराच्या घटनेनंतर २१ ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयानं महिन्याभरात सगळ्या शाळांत कॅमेरे बसवायला सांगितले. त्यात मला महत्त्वाचं वाटलं ते पुढचं वाक्य: मुख्याध्यापकांनी आठवड्यातून किमान तीनदा चित्रण तपासावं. सर्वोच्च न्यायालयानं २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी खटल्यात देशातल्या प्रत्येक पोलिस ठाण्यात कॅमेरे लावायला सांगितलं. चित्रण १८ महिने राहावं, आणि तसा डबा बाजारात मिळत नसेल तर एक वर्षापेक्षा कमी तरी नको. आपल्या शिरूर, शिक्रापूर, रांजणगाव, दौंड, यवत ठाण्यांनाही तोच नियम. मघाचं गणित लावा: एका ठाण्यात दहा कॅमेरे, २ मेगाबिटनं, १८ महिने, म्हणजे जवळजवळ ११८ टीबी. इतकी आठवण फुकट मिळत नाही. तिचा खर्च आणि तिची देखभाल मंजूर करावी लागते. सप्टेंबर २०२५ मध्ये ठाण्यांतले कॅमेरे बंद असल्याची दखल त्याच न्यायालयाला पुन्हा स्वतःहून घ्यावी लागली. ग्रामपंचायतींचंही तेच होतं. चौकात कॅमेऱ्यांचं उद्घाटन थाटात होतं. वर्षानं डिस्क बदलायला, इंटरनेटचं बिल भरायला ठरावात रक्कम नसते.

शेवटी शेजाऱ्याविषयी एक शब्द. तुमचा कॅमेरा तुमच्या फाटकाकडे असावा, शेजारणीच्या न्हाणीकडे नको. बहुतेक डब्यांत चित्राचा एखादा कोपरा कायमचा काळा करण्याची सोय असते. ती वापरली तर बांधाच्या भांडणात आणखी एकाची भर पडणार नाही.

फार बोललो. आता एक काम सांगून थांबतो. आज घरी गेल्यावर रिमोट शोधा आणि मागच्या मंगळवारची रात्र, दोन ते तीन, डब्यातून काढून पाहा. ती सापडली, वेळ बरोबर निघाली आणि पेन ड्राइव्हवर उतरली, तर तुमच्याकडे साक्षीदार आहे. नाही सापडली, तर तुमच्या भिंतीवर नुसते दिवे लागलेले आहेत. ज्यानं कॅमेरे बसवले त्याला उद्या सकाळी फोन करा. तो मी असलो तरी करा.